बोगोताहून आई-बाबांना : डिसेंबरच्या नऊ रात्री

बोगोता, ८ जानेवारी

तीर्थरूप आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

बाबा, तुमचे पत्र ऐन नाताळात हाती पडले, त्यामुळे उत्तराला उशीर होत आहे. सगळे शहर सणात असताना मी घरात एकटीच बसून राहत असेन, हा विचार आईच्या मनातून जात नाही, असे तुम्ही लिहिले आहे. फोनवर मी प्रत्येक वेळी ‘तसे काही नाही’ एवढेच म्हणते आणि तेवढ्याने तिचे समाधान होत नाही, हे मला कळते. म्हणून या पत्रात इथला नाताळ जसा मी पाहिला आणि जसा माझ्या वाट्याला आला, तसा सविस्तर लिहीत आहे. कोलंबियात डिसेंबर महिन्यात माणसाला एकटे राहणेच अवघड असते, कारण इथल्या चालीरीती मुळातच एकमेकांच्या दारी जाण्यासाठी घडलेल्या आहेत, हे तुम्हाला त्यावरून दिसेल.

इथला नाताळ २५ डिसेंबरला सुरू होत नाही. त्या दिवशी तो जवळजवळ आटोपलेला असतो आणि लोक उशिरापर्यंत झोपलेले असतात. सुरुवात होते ती ७ डिसेंबरच्या संध्याकाळी. मरियामाता आपल्या आईच्या उदरात आली त्या क्षणापासूनच पापाच्या स्पर्शापासून मुक्त होती, हा सिद्धान्त पोप नववे पायस यांनी ८ डिसेंबर १८५४ रोजी जाहीर केला, आणि तेव्हापासून त्याच्या आदल्या रात्री मेणबत्त्या लावण्याची रीत इथे रुजली, असे सांगतात. अंधार पडला की लोक घराबाहेर येतात, पदपथावर किंवा लाकडी फळीवर मेणबत्त्या ओळीने चिकटवतात, आणि बहुतेक घरांत प्रत्येक मेणबत्ती कुणाच्या तरी नावाने लावली जाते: दूर असलेल्या मुलाच्या, आजारी बहिणीच्या, गेलेल्या नवऱ्याच्या. मीही दरवर्षी तुमच्या दोघांच्या नावाने लावते. कॉफीच्या मळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या किंदिओ प्रांतातल्या किम्बाया या गावात १९८२ पासून त्या रात्री गल्ल्यागल्ल्यांमध्ये कागदी कंदिलांची आरास करण्याची चढाओढ असते. कॅरिबियन किनाऱ्यावरच्या बारांकियाचे लोक मात्र मेणबत्त्या संध्याकाळी न लावता रात्रभर जागून ८ तारखेच्या पहाटे लावतात. माझ्या कार्यालयातली बारांकियाची सहकारी बोगोतात राहूनही पहाटे उठून हाच नेम पाळते आणि आम्ही बोगोतावाले घाई करतो असे तिचे ठाम मत आहे.

परंतु या सणाचा खरा प्राण म्हणजे नोवेना, आणि त्याविषयी मला जरा विस्ताराने लिहावेसे वाटते. १६ ते २४ डिसेंबर या नऊ रात्री ही प्रार्थना चालते. मरियेच्या गर्भारपणाच्या नऊ महिन्यांची ती आठवण आहे, असे मानतात. या प्रार्थनेला धर्मगुरू लागत नाही आणि चर्चही लागत नाही. रोज एका वेगळ्या घरी शेजारी, नातलग आणि त्यांच्याबरोबर जे कुणी येतील ते सर्व जमतात, बाळ येशूच्या जन्माच्या देखाव्यासमोर बसतात आणि एक छोटी पुस्तिका हातोहात फिरू लागते. एकाने सर्व दिवसांसाठीची प्रार्थना वाचायची, दुसऱ्याने त्या दिवसाचे चिंतन, तिसऱ्याने मरियेची आणि चौथ्याने योसेफाची प्रार्थना. कुणी काय वाचायचे हे यजमान तिथल्या तिथे ठरवतात, आणि अडखळत वाचणाऱ्या सात वर्षांच्या मुलाला किंवा चष्मा विसरलेल्या आजोबांनाही कुणी मध्येच थांबवत नाही. मग येतात ती पदे. मध्ययुगापासून ख्रिस्तजन्माच्या आधीच्या संध्याकाळच्या उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या आवाहनांवर ती आधारलेली आहेत, आणि प्रत्येक कडव्यानंतर सर्वांनी मिळून बाळाला ‘ये, आता उशीर लावू नकोस’ असे आळवायचे असते. त्या वेळी मुलांच्या हातांत खुळखुळे, डफ आणि बाटल्यांची बुचे तारेत ओवून घरीच केलेली वाद्ये असतात, आणि ज्यांना काही मिळाले नाही ती चमचे वाजवतात. भाषा जुनी आणि जड आहे, मुलांना ती पुरती समजत नाही, पण सूर मात्र सगळ्यांना पाठ असतो.

ही प्रार्थना अठराव्या शतकात, आज इक्वाडोरची राजधानी असलेल्या क्विटो येथे जन्मलेले फ्रान्सिस्कन साधू फर्नांदो दे हेसूस लारेआ यांनी रचली. ती छापली जावी यासाठी पुढाकार घेतला तो बोगोतातल्या क्लेमेन्सिया काइसेदो या बाईंनी, आणि त्याच बाईंनी आपली संपत्ती मुलींच्या शाळेसाठी दिली. ‘ला एन्सेन्यान्सा’ नावाची ती शाळा १७८३ मध्ये सुरू झाली. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी त्याच संस्थेतल्या मारिया इग्नासिया या नन यांनी प्रार्थनेत सुधारणा केल्या आणि आज गायली जाणारी पदे तिला जोडली. त्यांचे मूळ नाव बेर्तिल्दा साम्पेर. एकोणिसाव्या शतकातल्या प्रसिद्ध कोलंबियन लेखिका सोलेदाद आकोस्ता दे साम्पेर यांच्या त्या कन्या. एका साधूने लिहिलेली प्रार्थना अशा रीतीने बायकांच्या हातांतून घराघरांत गेली, आणि ती तिथे टिकली याचेही श्रेय मी त्यांनाच देते, कारण आजही कुठल्या रात्री कुणाचे घर, कुणाकडे खुर्च्या कमी आहेत, कुणाच्या मुलाची परीक्षा आहे, याचा सारा हिशेब आमच्या इमारतीतल्या बायकाच ठेवतात.

आई, तुला वाटेल की हा त्यांच्या धर्माचा कार्यक्रम, त्यात आपले काय काम? मी ख्रिस्ती नाही हे इमारतीत सर्वांना ठाऊक आहे. पहिल्याच वर्षी शेजारच्या आजींनी दार वाजवून, ‘आज सातव्या मजल्यावर नोवेना आहे, सहा वाजता ये,’ असे सांगितले. येशील का, असे विचारलेच नाही. आता ते मला नवे राहिलेले नाही. नोवेना कार्यालयात असते, बँकेत असते, बाजारसंकुलात असते, इस्पितळाच्या दालनातही असते, आणि गरीब वस्त्यांमधल्या मुलांसाठी कंपन्यांचे कर्मचारी वर्गणी काढून खेळणी आणि खाऊ घेऊन जातात व तिथे त्यांच्याबरोबर एक रात्र प्रार्थना म्हणतात. आमच्या इमारतीचा पहारेकरी व्हेनेझुएलातून आलेला आहे. गेल्या काही वर्षांत त्या देशातून सुमारे २८ लाख माणसे पोट भरण्यासाठी कोलंबियात आली, त्यांपैकी तो एक. एका रात्री इमारतीच्या खालच्या दालनात, मुद्दाम त्याच्या टेबलाजवळ, नोवेना होते, म्हणजे कामावर असूनही तो तिला मुकत नाही. त्याची बायको त्या रात्री अयाका करून आणते. मक्याच्या पिठात मांसाचा रस्सा, ऑलिव्ह आणि मनुका भरून केळीच्या पानात बांधून उकडलेला हा पदार्थ व्हेनेझुएलात नाताळला घरोघरी होतो, आणि तो खाताना ती दोघे आपल्या गावाविषयी बोलतात.

यंदा एका रात्रीची पाळी मी मागून घेतली. घर लहान, म्हणून लोक दारापर्यंत उभे होते. खायला काय करावे याचा मी बराच विचार केला आणि शेवटी गूळपोळी केली, तीही इथल्याच गुळाची. बाबा, हे वाचून तुम्हाला आनंद होईल, कारण कोलंबियात गूळ आहे आणि तो भरपूर आहे. पानेला म्हणतात त्याला. जगात सर्वाधिक गूळ आपल्या देशात होतो आणि त्याखालोखाल कोलंबियात. ऊस स्पॅनिश लोकांनी इथे आणला आणि डोंगरउतारांवर तो इतका रुजला की, आज हजारो लहान शेतकऱ्यांचे पोट त्यावर चालते. बोगोताहून खाली उष्ण खोऱ्याकडे उतरताना वियेता नावाचे गाव लागते. त्याच्या आसपासच्या एका गुऱ्हाळावर मी मुद्दाम थांबले होते. ऊस चरकात घालून रस काढतात, एकापुढे एक मांडलेल्या काहिलींमधून तो आटवत नेतात आणि चुलाणात चिपाडेच जाळतात. सर्वांत नवल वाटले ते मळी काढण्याच्या रीतीचे. आपल्याकडे रानभेंडीचा चीक घालून रस स्वच्छ करतात, तसा इथे बाल्सो नावाच्या झाडाच्या सालीचा चिकट रस घालतात आणि वर आलेली मळी मोठ्या झाऱ्याने काढून टाकतात. एकमेकांना कधीही न भेटलेल्या कोल्हापूरच्या आणि वियेताच्या गुळव्यांना एकच युक्ती सुचली, हे पाहून मला तिथेच तुम्हाला फोन करावासा वाटला होता. पण आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती.

याच गुळावर नाताळचे मुख्य गोड उभे असते. नातिया हा पदार्थ दूध, गूळ, दालचिनी आणि मक्याचे सत्त्व एकत्र करून आटवतात, काही घरांत त्यात खवलेले ओले खोबरेही असते. लाकडी उलथन्याने सतत हलवत राहायचे आणि पातेल्याचा तळ दिसू लागला की ताटल्यांमध्ये ओतून थंड करून वड्या पाडायच्या. त्याच्या जोडीला बुन्युएलो हवाच. खारट ताजे चीज, मक्याचे आणि कसाव्याचे सत्त्व व अंडे मळून केलेले हे गोळे तेलात तळतात. आई, यातली मेख तेलाच्या तापण्यात आहे. तेल फार तापले तर बाहेरून करपून आत कच्चे राहतात आणि कधीकधी फुटून तेल उडते. कमी तापले तर तेल पितात. बरोबर तापले असेल तर गोळा आधी तळाशी बसतो, मग हळूहळू वर येतो आणि आपला आपणच उलटतो, त्याला झाऱ्या लावावा लागत नाही. शेजारच्या आजी पहिला गोळा टाकून तो वर येईपर्यंत मनात प्रार्थना म्हणतात आणि त्यावरून तेल ठरवतात. मला ही रीत तुझ्याकडून ऐकलेल्या कितीतरी गोष्टींइतकीच खात्रीची वाटते.

देखाव्याविषयी लिहायचे राहिले. प्रत्येक घरी एक पेसेब्रे मांडतात, म्हणजे बेथलेहेमचा गोठा, मरिया, योसेफ, बैल, गाढव, मेंढपाळ आणि बाळाच्या दर्शनाला लांबून निघालेले तीन राजे. पण तेवढ्यावर कुणी थांबत नाही. त्यात कॉफीचे मळे येतात, आरशाच्या तुकड्याचे तळे येते, खेड्यातली रंगीबेरंगी बस येते, फुटबॉलचे मैदान येते, आणि कुणाला त्यात काही वावगे वाटत नाही. दिवाळीत आपल्या अंगणात मुले किल्ला करतात आणि पायथ्याशी विहीर, शेत, बाजार, जे हाताशी असेल ते मांडतात, त्याच मोकळेपणाने हे केले जाते. पूर्वी त्यासाठी डोंगरातून ओले शेवाळ खरवडून आणत, पण आता सरकारी खाती दरवर्षी त्याविरुद्ध बजावतात. त्यामागचे कारण मला फार पटले. बोगोताला पाणी मिळते त्यातला मोठा वाटा शहराच्या पूर्वेकडच्या चिंगासा पठारावरून येतो. तिथल्या थंड, धुक्याच्या उंचीवर हेच शेवाळ आणि केसाळ पानांची फ्रायलेखोन नावाची झाडे धुक्यातले पाणी धरून ठेवतात व सावकाश सोडतात. ते खरवडले की मातीची पाणी धरण्याची ताकद जाते. २०२४ च्या एप्रिलपासून सुमारे वर्षभर बोगोतात पाणीकपात होती, पाळीपाळीने एकेका भागाचे नळ दिवसभर बंद असत. त्यानंतर आमच्या इमारतीत तरी शेवाळ कुणी आणलेले नाही. हिरवा रंग दिलेला भुसा आणि चुरगळलेला कागद वापरतात, आणि देखावा काही कमी सुंदर दिसत नाही.

या सगळ्या मांडणीत गव्हाण मात्र २४ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी असते. इथे भेटवस्तू सांताक्लॉज आणत नाही. त्याची चित्रे दुकानांत दिसतात, एवढेच. मुले पत्र लिहितात ते बाळ येशूला, आणि भेटी तोच आणतो. बारा वाजले की घरातले सर्वांत लहान मूल बाळाची मूर्ती गव्हाणीत ठेवते, सगळे एकमेकांना मिठी मारतात आणि मग भेटी उघडल्या जातात. जेवण त्यानंतरच किंवा त्याच सुमारास. बोगोतात बहुधा आखियाको असतो, म्हणजे तीन जातींचे बटाटे विरघळवून केलेले कोंबडीचे दाट सार. त्यात मक्याचे कणीस असते आणि ग्वास्कास नावाचा पाला, ज्याच्याशिवाय त्याला ती चव येतच नाही. जेवणानंतर पहाटेपर्यंत नाच चालतो, आणि त्यात वयाचा प्रश्न येत नाही. बोगोतात रात्रीचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेदहा झालेले असतात. दर २५ डिसेंबरला त्याच वेळी माझा फोन का येतो आणि मागे एवढा गलका का असतो, हे आता तुमच्या लक्षात येईल. यंदा आईने फोनवर ज्यांचा आवाज ऐकला, त्या शेजारच्या आजीच होत्या.

या आजी सोळा तारखेपासून माझ्याबरोबर एक खेळही खेळतात. त्याला आगिनाल्दो म्हणतात आणि तो पैजेचा खेळ आहे. दोघांनी मिळून एक नियम ठरवायचा: तोंडात काडी धरायची आणि विचारताक्षणी ती दाखवायची, किंवा दुसऱ्याने हातात दिलेली वस्तू घ्यायची नाही, किंवा बोलायचे पण प्रश्नाला उत्तर द्यायचे नाही. जो चुकेल त्याने दुसऱ्याला भेट द्यायची. म्हाताऱ्या माणसांना लहानांशी रोज बोलण्याचे निमित्त मिळावे, यासाठी याहून चांगली युक्ती मला माहीत नाही. आजींची मुले स्पेनमध्ये असतात. त्या सकाळी माझ्या दारात पावाची पिशवी पुढे करून उभ्या राहतात, कारण ती मी हातात घेतली की त्या जिंकल्या.

सगळेच गोड आहे असे मी म्हणणार नाही. फटाके आणि दारूकामाने दर डिसेंबरात मुले भाजतात, आणि राष्ट्रीय आरोग्य संस्था त्या महिन्यात जखमींचा आकडा रोज जाहीर करते. तो ऐकताना वाईट वाटते. शिवाय या सणाच्या इतिहासात दुःखाचाही धागा आहे. काली शहराजवळ, हामुंदी गावाच्या परिसरात, किनामायो नावाचे आफ्रिकी वंशाच्या लोकांचे गाव आहे, तिथे नाताळ फेब्रुवारीत होतो. त्यांचे पूर्वज मळ्यांवर गुलाम होते आणि डिसेंबरात मालकांच्या घरचा सण त्यांनाच राबून पार पाडावा लागे, म्हणून स्वतःचा नाताळ त्यांनी पुढे ढकलला, असे ते सांगतात. कोलंबियात गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८५१ चा आहे, तरी त्या गावाने आपली तारीख बदललेली नाही. तिथला बाळ येशू काळा असतो, आणि मिरवणुकीतल्या नाचात पाय फरफटत टाकतात, बेड्या घातलेल्या पायांच्या आठवणीसाठी. कालीकडच्या एका सहकाऱ्याने मला हे सांगितले तेव्हा त्याचा आवाज जड झाला होता. मला तिथे जायचे आहे, आणि तेही पाहुणी म्हणून बाजूला उभी राहण्यासाठी नव्हे, तर आधी त्यांचे नीट ऐकून घेण्यासाठी.

३१ डिसेंबरचे फार लिहीत नाही. जुन्या कपड्यांत भुसा भरून केलेला सरत्या वर्षाचा पुतळा काही गावांत जाळतात, बाराच्या ठोक्यांना बारा द्राक्षे खातात, आणि नव्या वर्षात प्रवास घडावा म्हणून रिकामी बॅग घेऊन इमारतीला एक फेरी मारतात. ६ जानेवारीचा तीन राजांचा सण झाला की देखावे आवरले जातात. आमच्या मजल्यावरचा काल संध्याकाळी आवरला, आणि मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळून आजींच्या कपाटात ठेवण्याचे काम माझ्याकडे होते.

आता मुद्द्याचे. पुढच्या डिसेंबरात तुम्ही दोघांनी इकडे यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. बोगोता समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे बाबांच्या रक्तदाबाविषयी डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावे आणि पहिले काही दिवस जिने चढणे टाळावे. दिवसा ऊन असले तरी संध्याकाळी गारठा असतो, म्हणून स्वेटर आणि आईची जाड शाल बरोबर हवीच. थेट विमान नाही, मध्ये एक-दोन ठिकाणी बदलावे लागते. पण चाकाची खुर्ची आधी सांगून मिळते आणि तिकिटांचे सर्व मी पाहीन. शक्यतो ७ तारखेच्या आत पोहोचावे, म्हणजे मेणबत्त्यांची संध्याकाळ चुकणार नाही. इमारतीतल्या बायकांनी नोवेनाची एक रात्र आताच तुमच्या नावाने लिहून ठेवली आहे, आणि त्या रात्री गूळपोळी आईच्या हातची असावी असा त्यांचा आग्रह आहे. पारपत्राची मुदत संपत आली असेल तर बाबांनी ते काम या महिन्यातच करून घ्यावे. डॉक्टर काय म्हणतात ते पत्राची वाट न पाहता फोनवरच कळवा.

दोघांनीही प्रकृतीस जपावे.

तुमची,
लेक